येरे माझ्या मागल्या

अगं, आधी हेडफोन काढ आणि मग पुढचं वाच.

“लूप जोडला की पॅच बोंबलतो, वायर काढली की गप्प बसतो, ताई करू काय?” असं विचारलंयस. सांगते सगळं. पण फीडबॅकशी खेळताना कानांवर हेडफोन नकोत, हा माझा एकच हुकूम. बाकीचं सल्ला समज, पटलं तर घे. स्पीकरवर काम कर, तेही आवाज अर्ध्याच्या खाली ठेवून. आणि कंट्रोल दाबून पूर्णविराम, एवढं बोटांना पाठ करून टाक. वायरींनी ऑब्जेक्ट जोडून पॅच बनवायच्या प्युअर डेटा या सॉफ्टवेअरमध्ये त्यानं सगळा ध्वनी तिथल्या तिथे बंद होतो. कान किंचाळत असताना माउसनं डीएसपीची चौकट शोधायला कुणाला सुचतंय!

आता मुद्दा. लूप झाला म्हणजे चूक झाली, असं तू धरून चालली आहेस. तसं नाहीये. एको, रिव्हर्ब, व्हिडिओतल्या रेघोट्या, साधा काउंटर, सगळं लूपवरच चालतं. गणपतीच्या मांडवात माइक घेऊन कुणी स्पीकरसमोर गेलं की जी शिट्टी बसते, तोही लूपच. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावानं ती ओळखली जाते. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी तर 1968 मध्ये टांगलेल्या माइकना स्पीकरवरून झोके देऊन त्याच शिट्ट्यांची अख्खी रचना केली. तेव्हा लूप कसा तोडू हे विचारणं सोड. वर्तुळात परत आलेला माल कधी आला आणि किती आला, हे विचार. या दोन प्रश्नांवर जवळजवळ सगळं निस्तरतं.

आधी ‘कधी’ घेऊ.

प्युअर डेटात दोन राज्यं आहेत. बारीक वायरींचं राज्य आकड्यांच्या संदेशांचं. जाड वायरींचं राज्य ध्वनीचं, तिथल्या ऑब्जेक्टच्या नावाला टिल्डाचं शेपूट असतं. लूप दोन्हीकडे होतो, पण रडगाणं वेगवेगळं.

संदेशांच्या राज्यात वेळ जातच नाही. एक आकडा आत शिरला की तो पुढे पुढे ढकलला जातो आणि शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पॅचचं घड्याळ थांबून राहतं. तुझा सेल्सिअस-फॅरनहाइटचा पॅच बघ. डावीकडचा नंबर बॉक्स 1.8 नं गुणून, 32 मिळवून उजवीकडच्याला आकडा देतो. उजवीकडचा 32 वजा करून, 1.8 नं भागून तो डावीकडे परत करतो. लग्नाच्या पंगतीत दोन विहिणी “आधी तुम्ही बसा”, “छे, आधी तुम्ही” करत उभ्याच राहतात, तसे हे दोघं. प्युअर डेटा हजार पायऱ्यांपर्यंत त्यांचं ऐकून घेतो आणि मग कन्सोलमध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ असं लिहून हात झटकतो. कुठे झालं, कशानं झालं, एक अवाक्षर नाही!

यावर इलाज सोपा आहे. गणित संपतं तिथे, समोरच्या बॉक्समध्ये शिरायच्या आधी, एक मेसेज बॉक्स घाल आणि त्यात ‘सेट’ व पुढे डॉलर-एक लिही. सेट म्हणून आलेला आकडा नंबर बॉक्स नुसता दाखवतो, पुढे सोडत नाही. दोन्ही बाजूंना असा सेट लावलास की कुणीही कुठूनही आकडा बदलावा, दुसरा मुकाट्यानं जुळवून घेतो. ‘चेंज’ ऑब्जेक्ट लाव असंही तुला कुणीतरी सांगेल. पूर्णांक असतील तर चालतं ते. पण 36.6 सारखा आकडा गुणाकार-भागाकारातून फिरून आला की शेवटच्या दशांशात बारीकसा फरक पडू शकतो, आणि चेंजला तेवढाही फरक नवा आकडाच वाटतो. म्हणून मी सेटवर विसंबते.

काउंटरची गंमत माहीत आहे ना? फ्लोट, त्याखाली अधिक एक, आणि तिथून वायर परत वर फ्लोटच्या उजव्या इनलेटला. हाही लूपच, पण बिनबोभाट चालतो, कारण उजवं इनलेट थंड असतं. आलेला आकडा ते पोटात ठेवतं, बोलत नाही. पुढचा बँग, म्हणजे ‘चल’ असा संदेश, येईल तेव्हाच तो बाहेर पडतो. तीच वायर चुकून डाव्या, गरम इनलेटला लागली की एका क्लिकमध्ये परत स्टॅक ओव्हरफ्लो. म्हणून संदेशांचा लूप अडला की पहिल्यांदा डोळ्यांनी वायरी वाच: वर्तुळात निदान एक तरी थंड इनलेट, एक सेट किंवा एक डिले आहे का? नसेल तर घोडं तिथेच पेंड खातंय.

लूप ओव्हरफ्लो होत नाही पण उत्तर नेहमी एक पाऊल मागे येतं, अशीही एक तक्रार असते. ती क्रमाची. प्युअर डेटात एका आउटलेटमधून दोन वायरी निघाल्या तर जी आधी जोडली ती आधी चालते, आणि कुठली आधी जोडली हे स्क्रीनवर दिसत नाही. मॅक्स या त्याच्या थोरल्या भावंडात उजवीकडचं आधी, मग डावीकडचं. म्हणजे तिथे पॅच सुबक दिसावा म्हणून एखादं ऑब्जेक्ट चार बोटं सरकवलंस तरी निकाल बदलू शकतो! दोन्ही एकाच घरातले. मिलर पकेट यांनी 1980 च्या दशकात पॅरिसच्या इर्काममध्ये मॅक्सचा पाया घातला, संगणक-संगीतातल्या मॅक्स मॅथ्यूज यांचं नाव त्याला दिलं, आणि पुढे सॅन डिएगोत 1996 मध्ये प्युअर डेटा आणला. गरम-थंड इनलेटचा रिवाज म्हणूनच दोन्हीकडे सारखा. क्रमाच्या भानगडीवर औषध म्हणजे ‘ट्रिगर’ ऑब्जेक्ट. ते उजवीकडून डावीकडे, ठरल्या क्रमानंच बोलतं. एका आउटलेटमधून दोन वायरी काढायची वेळ आली की मी डोळे मिटून ट्रिगर घालते. जास्तीचं एक ऑब्जेक्ट परवडतं, रात्रीचं जागरण नाही परवडत.

‘अंटिल’ मात्र जपून वापर. त्याच्या उजव्या इनलेटला थांब म्हणणारा बँग आला नाही तर ओव्हरफ्लोसुद्धा येत नाही, प्युअर डेटा सरळ गोठतो. टास्क मॅनेजरमधून मारावा लागतो आणि सेव्ह न केलेलं काम गंगेला मिळतं. तसंच फिरत्या लूपमध्ये ‘प्रिंट’ लावू नकोस. कन्सोलवर ओळींचा पूर येतो आणि खिडकी माउसलासुद्धा दाद देत नाही.

आता ध्वनीचं राज्य. इथे आकडे एकेक करून जात नाहीत, 64 नमुन्यांचा एक ठोकळा एकदम पुढे सरकतो. ठोकळा चालवण्याआधी कुठलं ऑब्जेक्ट कुणाच्या आधी हे प्युअर डेटाला ठरवावं लागतं. तू टिल्डाची वायर गोल फिरवलीस की ‘आधी कोण’ याला उत्तरच उरत नाही. मग ‘डीएसपी लूप डिटेक्टेड’ असं येतं आणि त्या वर्तुळातली ऑब्जेक्ट चालतच नाहीत. मेनूतलं ‘फाइंड लास्ट एरर’ दाब. ते त्या वर्तुळातलं, नाहीतर वर्तुळाच्या पुढे लोंबकळणारं एखादं ऑब्जेक्ट निवडून दाखवतं. तिथून उलट्या दिशेनं वायर पकडून वर चढत जा.

उपाय एकच: परतीचा रस्ता वायरीनं नको, डिलेतून ने. ‘डिलराइट’नं लिहायचं, ‘डिलरीड’नं वाचायचं, दोघांना एकच नाव द्यायचं. आता जे परत येतंय ते मागच्या ठोकळ्यातलं आहे, हे प्युअर डेटाला कळतं आणि भांडण मिटतं. हे काही याच सॉफ्टवेअरचं नखरेलपण नाही. लॅबव्ह्यूत फीडबॅक नोड किंवा शिफ्ट रजिस्टर घालावं लागतं, सिम्युलिंकमध्ये अल्जिब्राइक लूपची तक्रार आली की युनिट डिले घालतात, आणि ग्रासहॉपर तर वर्तुळ दिसलं की सरळ लाल होतं. तुझ्या आर्किटेक्चरवाल्या मैत्रिणीला विचार.

पण डिले घातला की संपलं, असं नाही. तू जो तारेचा आवाज करत होतीस त्याकडेच बघ ना. कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती आहे ती: खरखरीचा एक छोटा तुकडा डिलेत सोडायचा, प्रत्येक फेरीत त्याची धार किंचित बोथट करायची, आणि छेडलेल्या तारेसारखा आवाज येतो. डिले जितका छोटा तितका स्वर उंच. तू 220 हर्ट्झचा षड्ज धरलास. मध्य सप्तक ठीक, तार षड्ज 440 ला लागला, तार पंचम 660 लाही लागला. शुद्ध धैवत हवा 733 च्या आसपास, तो काही केल्या लागेना. निषादही लागेना, आणि धैवत-निषाद दोन्ही एकाच स्वरात वाजतात म्हणून तू फिल्टरला दोष दिलास.

फिल्टर बिचारा निर्दोष आहे. 44100 च्या सॅम्पल रेटवर 64 नमुने म्हणजे सुमारे 1.45 मिलिसेकंद. लूपमधला डिले त्याहून छोटा होऊच शकत नाही, कारण परत येणारा माल निदान एका ठोकळ्याइतका जुना असतोच. 44100 ला 64 नं भाग, 689 येतात. तुझी तार त्या छताला डोकं आपटून थांबते. धैवत मागितलास काय आणि निषाद मागितलास काय, 689 च्या वर ती जाणार नाही. रेट 48000 केलास तर छत 750 वर सरकतं, म्हणजे धैवत बसेल आणि निषाद तरीही बाहेर. खरा उपाय असा: लूपपुरतं सगळं, डिलराइट आणि डिलरीड दोन्ही, एका सबपॅचमध्ये ठेव आणि तिथे ‘ब्लॉक’ ऑब्जेक्टला 1 हा आकडा दे. मग ठोकळा एका नमुन्याचा होतो. प्रोसेसरवर भार वाढतो, म्हणून लूपपुरतंच कर, अख्ख्या पॅचला नको. आणि वरचे स्वर जरासे उतरलेले वाटले तर कानांवर विश्वास ठेव. बोथट करणारा फिल्टरही थोडा वेळ खातो, तेवढा डिलेतून वजा करायचा. पूर्णांक नमुन्यांत बसणारा साधा डिलरीड सोडून मधल्या किमती काढणारा ‘डिलरीड-फोर’ घेतलास तर सुरात जास्त नेमकं बसतं.

‘कधी’चं एवढं पुरे. ‘किती’कडे लोक कमी लक्ष देतात, आणि ऐन कार्यक्रमात नाक कापलं जातं ते तिथे.

दर फेरीला माल 0.9 पट होऊन परत येतोय, तर तो विरायला किती वेळ लागेल? 60 डेसिबल उतरायला साधारण 66 फेऱ्या. डिले अर्ध्या सेकंदाचा असेल तर 33 सेकंद. ‘एको संपतच नाही’ म्हणून तू जे म्हणत होतीस ते हे, त्यात बिघाड काही नाही. 0.5 ठेवलास तर पाच सेकंदांत काम आटोपतं. आता 1.01 बघ. एकाच्या वर आहे, म्हणजे वाढणारच. दुप्पट व्हायला 70 फेऱ्या लागतात. डिले 10 मिलिसेकंदांचा असेल तर पाऊण सेकंदाच्या आतच दुप्पट, म्हणजे लगेच कळतं आणि तू बंद करतेस. अर्ध्या सेकंदाच्या डिलेवर तेच दुप्पट व्हायला 35 सेकंद. घरी मिनिटभर ऐकलंस, छान वाटलं, लॅपटॉप मिटलास. उद्या मंचावर दहा मिनिटं चालू राहिला की काय होईल ते वेगळं सांगायला नको.

“पण मी तर 0.9 च ठेवलाय,” म्हणशील. ठेवला असशील. लूपमध्ये तीक्ष्ण रेझोनन्सचा फिल्टर आहे का? तो एखाद्या स्वराला फुगवतो, मग तेवढ्या स्वरापुरता एकूण गुणक एकाच्या वर जातो आणि पॅच तोच एक स्वर धरून शिट्टी वाजवत बसतो. डावा-उजवा एको एकमेकांत सोडलायस का? स्वतःकडून 0.7 आणि शेजाऱ्याकडून 0.7 म्हणजे 1.4 झाले. एकाच डिलराइटवर दोन डिलरीड लावून दोन्ही परत आत सोडले तरी तीच बेरीज. आणि अदृश्य बेरीजही असते: सेंड-रिसीव्ह. वायर दिसत नाही, नाव जुळलं की माल पोचतो. तीच अॅब्स्ट्रॅक्शन, म्हणजे वेगळ्या फाइलीतला पॅच, मुख्य पॅचमध्ये दोनदा ठेवलीस तर दोघींच्या आतली नावं एकच, एकीचं दुसरीत जातं. नावाआधी डॉलर-शून्य लावत जा, म्हणजे प्रत्येक प्रतीचं नाव तिच्यापुरतं राहतं.

आउटपुटच्या तोंडाशी लिमिटर लावून गप्प बसायचा मोह होईल. ते म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बाहेरचा आवाज आटोक्यात दिसतो, आत लूप वाढतच राहतो. आवर घालायचा तो वर्तुळाच्या आत: उणे एक ते एक असा ‘क्लिप’, नाहीतर एक्स्प्रेशनमध्ये टॅन-एच, जो कडा गोल ठेवून दाबतो. मला टॅन-एचचा आवाज जास्त आवडतो, लूप थोडा तापला तरी गोड तापतो. आणि परतीच्या वाटेवर एक गुणाकार आणि त्याला स्लायडर हवाच, सुरुवातीची किंमत शून्य. पॅच उघडला की लूप बंद असायला हवा. आपण हळूहळू वर न्यायचा. शोधाशोध करतानाही तोच कामाला येतो, ऑब्जेक्ट उपटून काढायची गरज पडत नाही.

टचडिझायनर या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचं विचारलंस म्हणून तेही सांगते. नाचणारीच्या हातामागे रेघोट्या उमटतात, पण पूर्ण पुसल्या जात नाहीत, काळ्या भिंतीवर राखाडी डाग राहतो, हीच ना तक्रार? फीडबॅक टॉप (टॉप म्हणजे तिथलं चित्राचं ऑब्जेक्ट) मागची फ्रेम आणून देतो, लेव्हलमध्ये ती 0.98 नं फिकी होते, वर नवीन फ्रेम बसते. रचना बरोबर आहे, पिक्सेल फॉरमॅट चुकलाय. आठ बिटांत 0 ते 255 पूर्णांकच मावतात. पिक्सेल उतरत उतरत 24 वर आला. 24 गुणिले 0.98 म्हणजे 23.52. तो जवळच्या पूर्णांकाला जातो, म्हणजे परत 24. पुढच्या फ्रेमला पुन्हा 24. जन्मभर 24! लॅपटॉपवर कळतही नाही, प्रोजेक्टरवर अंधाऱ्या खोलीत ढळढळीत दिसतं. लूपमधल्या टॉपना कॉमन पानावर 16 किंवा 32 बिट फ्लोट दे, डाग जातो. फ्लोटचा एक तोटा असा की उणे आकडे आणि एकाच्या वरचे आकडेही त्यात सुखेनैव फुगतात, म्हणून वर्तुळात एक लिमिट टॉप ठेव. सगळंच पांढरं झालं तर फीडबॅकचं रिसेट दाबायचं.

रेघोट्यांची लांबी फ्रेम रेटवर अवलंबून असते हेही ध्यानात ठेव. 60 च्या रेटला 0.98 म्हणजे सेकंदानंतर 30 टक्के उरतं, 30 च्या रेटला 55 टक्के. सभागृहातलं मशीन धापा टाकायला लागलं की रेघोट्या आपोआप लांबतात आणि डिझाइन बिघडल्यासारखं वाटतं. 30 वर चालवायचंच असेल तर 0.96 कर. नेटवरच्या शिकवण्यांतून 0.98 हा आकडा सगळे डोळे झाकून उचलतात, त्याला पवित्र वगैरे समजू नकोस. आणि ‘कुक डिपेंडन्सी लूप’ असा इशारा आला तर चित्राच्या वायरींबरोबर पॅरामीटरमधल्या एक्स्प्रेशनही बघ. बऱ्याचदा त्यांतलीच एक फिरून स्वतःलाच वाचत असते.

काही लूप मात्र पॅचमध्ये नसतातच, म्हणून सॉफ्टवेअर कधी तक्रारही करत नाही. टॅबलेटवरचा फेडर मॅक्सला आकडा पाठवतो, मॅक्स तो परत टॅबलेटला पाठवतं, मधे वायफायचा वेळ जातो. ओव्हरफ्लो होत नाही, फेडर नुसता बोटाखाली थरथरतो. बोट टेकलेलं असेपर्यंत परत काही पाठवायचं नाही, असा नियम घाल. कॅमेरा प्रोजेक्शनलाच माणूस समजतो, मग चित्र चित्राच्या मागे लागतं. तिथे इन्फ्रारेड कॅमेरा घे, दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर लाव आणि माणसांवर इन्फ्रारेड दिवा टाक. प्रोजेक्टरच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतं, त्यामुळे कॅमेऱ्याला माणसं दिसतात, चित्र दिसत नाही. लॅपटॉपचा माइक आणि लॅपटॉपचेच स्पीकर यांचं नातं तर तुला माहीतच आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एवढं कर. स्पीकर बंद, लूपचा गेन तू वापरणार त्यातला सगळ्यात वरचा, आणि कार्यक्रमाच्या वेळेच्या दुप्पट वेळ पॅच चालू सोड. वर्तुळाच्या आत ‘एन्व्ह’ ऑब्जेक्ट लावून त्याखाली नंबर बॉक्स ठेव. ते डेसिबल दाखवतं, प्युअर डेटात 100 म्हणजे पूर्ण पातळी. शेवटी इनपुट बंद कर. आकडा उतरत गेला पाहिजे. अडून बसला किंवा चढायला लागला तर मला फाइल पाठव, स्क्रीनशॉट नको. त्यात वायरी एकमेकींवर पडलेल्या असतात आणि सेंड कुठल्या रिसीव्हला जातोय ते काही केल्या कळत नाही. सोबत सॅम्पल रेट लिही. रविवारी दुपारी उघडून बघते.